खरवडलेला नंबर

एप्रिल निम्मा सरला की आमच्या गल्लीत कूलर खिडक्यांवर चढतात. वर्षभर गच्चीवर जुन्या चादरीखाली पडलेल्या त्या पत्र्याच्या पेट्या एका रविवारी खाली येतात, धुतल्या जातात, जुन्या ताट्या काढून नव्या वाळ्याच्या बसतात, आणि मग कोणीतरी पंप सुरू करतं. कोरड्या वाळ्यावर पहिलं पाणी पडलं की जो वास सुटतो, तो नागपूरचा माणूस झोपेतही ओळखेल. लोक त्या वासाने सुखावतात. मी मात्र उठून आधी मोटारीची वायर चाचपतो, पत्र्याला टेस्टर लावतो, आणि टेस्टर पेटला नाही तर टेस्टरच बिघडलाय का ते दुसऱ्या बोर्डात तपासून येतो. घरचे हसतात. हसोत.

स्वभावाला औषध नाही म्हणतात. मी मुळातला संशयी. गवळी डोळ्यांसमोर म्हैस पिळून देत असला तरी माझं लक्ष बादलीच्या तळाशी. बातम्यांत तापमान पंचेचाळीस सांगितलं की मी सत्तेचाळीस धरतो, कारण खरा आकडा सांगितला तर कचेऱ्या बंद ठेवाव्या लागतील, अशी या गावातल्या प्रत्येक शहाण्या माणसाची खात्री आहे. त्यातून धंदाही असा मिळाला की स्वभावाला खतपाणीच झालं. उभा जन्म मी टीव्ही आणि रेडिओ दुरुस्त केले. बिघाड शोधणं म्हणजे दुसरं काय असतं? बोर्डावरच्या शेदोनशे पार्टांतला एक खोटं बोलतोय. तो सापडेपर्यंत साऱ्यांवर वहीम घ्यायचा. मीटर लावायचा, सुई पाहायची, सुटला तर पुढच्याला गाठायचं. पार्टाला वाईट वाटत नाही. माणसांच्या बाबतीत ही सोय नाही, हे मला जरा उशिरा कळलं.

यंदा त्या जुन्या उन्हाळ्याची आठवण काढली ती माझ्या नातीने, तिच्याही नकळत. ईशा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. टीव्हीला जोडून खेळायची एक नवी पेटी यायची आहे म्हणे. बाजारात अजून तिचा पत्ता नाही, पण तिच्या आत कोणती चिप असेल यावर ही आणि हिच्या मैत्रिणी फोनवर तासन्‌तास भांडतात. चिपचा किती भाग चित्रासाठी राखलाय आणि किती हिशेबासाठी, एवढी तापणारी चीज एवढ्याशा डब्यात थंड कशी राहणार, कंपनी सांगते ते खरं की बरंचसं मुद्दाम दडवलंय. मी शेजारच्या खोलीत कूलरसमोर डोळे मिटून पडलेला असतो आणि कान तिकडे असतात. परवा ती मोबाइल घेऊन आली. कोणीतरी चोरून काढलेला अंधुक फोटो होता. हिरवा बोर्ड, मधोमध काळा चौकोन, आणि त्या चौकोनावरची अक्षरं घासून काढलेली.

"आजोबा, बघा नं, नंबर मिटवलाय. फोटो काढणाऱ्यानं मिटवला असेल की कंपनीनं?"

मला काय ठाऊक, म्हणालो आणि पाणी प्यायला उठलो. माठाजवळ उभा राहिलो तरी तो काळा चौकोन डोळ्यांपुढून हलेना. घरात वाळ्याचा वास भरलेला होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माझ्यासाठी एकच उन्हाळा असतो.

रंगीत टीव्ही नागपुरात नुकते घरोघरी शिरत होते तेव्हाची गोष्ट. जरीपटक्याच्या बाजारात आमचं दुकान होतं, एका कापडवाल्याच्या आणि एका पापडवाल्याच्या मध्ये दाबून बसवलेलं. आमचं म्हणजे माझं आणि सुखदेवचं. आयटीआयमध्ये आम्ही एका बाकावर होतो, तिथून बाहेर पडलो ते दोघांनी मिळून दुकान घालूनच, आणि त्या उन्हाळ्यात त्याला अकरा वर्षं झाली होती. मी उमरेडकडच्या शेतकरी घरातला. सुखदेव इंदोऱ्याचा. त्याचे वडील गिरणीत होते, आणि धम्मदीक्षेच्या दिवशी त्यांनी पाच-सहा वर्षांच्या सुखदेवला खांद्यावर बसवून नेलं होतं, हे तो एरवी गप्प राहणारा माणूस फार कौतुकाने सांगायचा.

वाळका होता, हाताला घाई नव्हती. सोल्डरची तार दातांत धरून बोर्डावर वाकला की तासभर मान वर करत नसे. नवीन बोर्ड हाती आला की तो पेटत्या बल्बसमोर धरायचा. मागून उजेड आला की तांब्याच्या रेषा दिसतात. त्या तो पेन्सिलने वहीत उतरवून घ्यायचा. कंपनीवाले नकाशा देत नाहीत, मग आपणच काढायचा, असं त्याचं साधं म्हणणं. अशा सात-आठ वह्या भरल्या होत्या. तो माझ्याहून चांगला कारागीर होता. तेव्हा हे मी कोणापुढे बोललो नाही, आज लिहून टाकतो.

आमच्या धंद्यात त्या काळी एक रीत होती. उमरेड-भिवापूरकडच्या गावांत टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसायच्या, म्हणून अँटेनाला लावायचा बूस्टर आम्ही दुकानातच बनवायचो. चांगला चालायचा. चांगला चालला की शेजारच्या बाजारातला मेकॅनिक एक घेऊन जाणार, उघडणार, आतल्या ट्रान्झिस्टरवरचा नंबर वाचणार, आणि आठवड्याभरात त्याच्या फळीवर तस्साच बूस्टर लागणार. म्हणून डबी बंद करण्याआधी आतल्या पार्टांचे नंबर घासून टाकायचे. सगळेच टाकायचे. कोणी ब्लेडने खरवडायचं, कोणी कानशीने. सुखदेव मात्र झिरो नंबरचा पॉलिश पेपर घ्यायचा, हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवायचा आणि वरून तेलाचं बोट पुसायचा. तिथे कधी काही लिहिलेलं होतं असं वाटू नये. बाजारातला कोणताही खरवडलेला पार्ट समोर ठेवा, त्यातला सुखदेवचा कोणता हे मी बघताक्षणी सांगितलं असतं. निदान माझी तशी समजूत होती.

उन्हाळ्यात आमचं दुकान अर्धं कूलरचं होऊन जायचं. दाराला भिजवलेलं पोतं, खिशात कांदा, कोपऱ्यात माठ. पंखा असून नसल्यासारखा, कारण पंखा लावला की सोल्डरिंगची बिट गार पडते. बारा वाजले की रस्ता ओस पडायचा. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एखादा सायकलवाला तेवढा जायचा. अशा वेळी दयालसेठचा निरोप आला की आम्ही दोघं पडत्या फळाची आज्ञा मानून निघायचो, कारण त्यांच्या दिवाणखान्यात या बाजारातला सर्वांत मोठा कूलर होता.

सेठ कापडाचे व्यापारी. जावई दुबईला. त्या जावयाने त्या वर्षी होळीच्या सुमारास टीव्ही गेम पाठवला होता. काळी चपटी पेटी, वर कॅसेट खोचायची फट, वायरीला बांधलेले दोन दांडे. टीव्हीला जोडून द्यायला आम्हालाच बोलावलं होतं, आणि नंतरही दर चार-आठ दिवसांनी चित्र हललं की सेठ आम्हालाच बोलवायचे. आम्ही चित्र बसवायचो आणि मग तपासून पाहण्याच्या नावाखाली खेळत राहायचो. पेटी उघडायची मात्र परवानगी नव्हती. तिचे स्क्रूही तिकोनी खाचेचे होते. अशा खाचेचा पेचकस साऱ्या नागपुरात नव्हता. ज्या कंपनीने स्क्रूसुद्धा असा लावलाय तिने आत काहीतरी लपवलं असणारच, असं मी म्हणायचो. सुखदेवला ते पटायचं, पण त्याला राग यायचा नाही. त्याचे डोळे चमकायचे.

मग परतताना त्या भाजून काढणाऱ्या रस्त्याने आमची चर्चा चालायची. माझं म्हणणं, सगळी करामत कॅसेटमध्ये आहे, पेटी नुसता सांगाडा. सुखदेव म्हणायचा, कॅसेट म्हणजे नुसतं पत्र, पत्र वाचणारा पेटीत बसलाय. आत एक आयसी असेल की दोन? तेव्हा चिप हा शब्द आमच्या तोंडी नव्हता. आयसीच म्हणायचो, आणि चाळीस पायांची असली तर गोम. माझ्या मते एक गोम चित्रं काढत असणार आणि दुसरी आवाज. त्याच्या मते एकच, पण फार हुशार. पेटीच्या पोटाला एक झाकण होतं, झाकणाखाली दातेरी सॉकेट, आणि त्यात खोचायला कंपनीने काहीच दिलं नव्हतं. ज्याला जोड नाही असं सॉकेट कोण कशाला बसवेल? मी म्हणायचो, आज अर्धी वस्तू विकून उद्या उरलेली अर्धी विकायचा डाव आहे. सुखदेव म्हणायचा, उद्या काय सुचेल हे त्यांनाच माहीत नसेल, म्हणून जागा ठेवली असेल. एकाच सॉकेटात आम्ही दोघांनी दोन वेगळे स्वभाव पाहिले, हे आता लिहिताना ध्यानात येतंय.

एक खेळ चेंडूचा होता. एका बाजूला आपण, दुसऱ्या बाजूला यंत्र. सुखदेवने तो नीट न्याहाळून एक गोष्ट पकडली. यंत्राला हवं तर ते एकही चेंडू सोडणार नाही, पण ठरावीक डावांनंतर ते सोडतं. मुद्दाम सोडतं. मी म्हटलं, ही तर सरळ लबाडी. तो रस्त्यात थांबला.

"थोडं हारलं नाही तं माणूस खेळनच काहून? आतमधी कोणीतरी बसून हे सारं सोचलं हाये गा. मले ते आयसी एक डाव हातात घेऊन पाहाची हाये."

हे वाक्य मी विसरलो नाही. पुढे ते माझ्या मनात भलत्याच जागी जाऊन बसलं.

अक्षय्य तृतीयेला पुतणीचं लग्न होतं म्हणून मी चार दिवस गावी गेलो. गल्ल्यावर बसायला मदत म्हणून माझा मेहुणा प्रकाश दुकानात येत होता. त्याच दिवसांत सेठचा गेम बिघडला आणि या वेळी त्यांनी उघडायची परवानगी देऊन तो दुकानात पाठवला. दहा-पंधरा मिनिटं चालायचा आणि चित्र जायचं. सुखदेवने एक जुना पेचकस कानशीने घासून तिकोनी केला, पेटी उघडली, आयसीचे तापून सुटत आलेले टाके नव्याने भरले आणि गेम सुरू करून परत पाठवला. मी आलो त्या दिवशी दारात अकरा कूलरचे पंप पडले होते आणि लोक डोक्यावर उभे होते. सुखदेव म्हणाला की सेठच्या पेटीत त्याने एक गंमत पाहिली, ती मला सांगायची आहे. मी म्हटलं, नंतर सांग. आधी पंप.

ते नंतर आलंच नाही.

नवतपा लागला. नऊ दिवस आभाळातून नुसती आग. गेम पुन्हा बंद पडून दुकानात आला तेव्हा सुखदेव कोणाचा तरी टीव्ही पाहायला बाहेर गेला होता. त्याने बनवलेला पेचकस फळीवर होताच. मी पेटी उघडली. एवढे दिवस जिच्यावर वाद घातले ती चाळीस पायांची गोम प्रथमच समोर दिसली, आणि तिच्या पाठीवर नंबर नव्हता. खरवडलेला होता. हलक्या हाताने, एकाच दिशेने, गुळगुळीत. पायांवरचा सोल्डर नवाकोरा.

मनात पाल चुकचुकली म्हणतात ती अशी. क्षणभरात सगळा हिशेब लागला: याला ही आयसी हवीच होती. मी गावी गेलेलो पाहून याने ती काढून घेतली, जागी कसलीतरी दुसरी बसवली, आणि कोणाला कळू नये म्हणून सवयीप्रमाणे नंबर घासून टाकला. मी त्याची वही काढली. त्या पेटीचा बोर्ड त्यात सुरेख उतरवलेला होता, बारीकसारीक पार्टांचे नंबर लिहिलेले होते, आणि मधोमध आयसीचा चौकोन रिकामा. बघा, मी स्वतःशीच म्हटलं, वहीतसुद्धा लपवलंय.

तशी दुसरी आयसी साऱ्या हिंदुस्थानात शोधून मिळाली नसती. त्या चाळीस पायांच्या जागी दुसरं काही बसवलं असतं तर खेळ एक सेकंदही चालला नसता. हे मला तेव्हाही कळत होतं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं. पण संशयाला एकदा पाय फुटले की तो अक्कलेच्या पुढे चालतो. बिघाडही मला अर्ध्या तासात सापडला. आयसीचा त्यात काडीचा संबंध नव्हता. वीज देणारा अ‍ॅडॉप्टर उन्हाने आणि कमी-जास्त दाबाने आतून जळत आला होता. मी तो बदलला, गेम सुरू झाला, आणि तरीही मला वाटत राहिलं की आपण चोर पकडला आहे.

सुखदेव परत आला तेव्हा मी विचारलं नाही. एवढंच करायचं होतं. पंपाचा गिअर काढता काढता सहज विचारायचं, अरे, सेठच्या आयसीवर नंबर कसा नाही? उलट मी त्याच्यावर पाळत ठेवली. तो कोणत्या खणात हात घालतो, डबा घरी नेताना पिशवी जड आहे का. त्याच्या लक्षात आलं असावं, कारण दोन दिवसांनी त्यानेच विचारलं, "तुले काही बोलाचं हाये काय?" मी म्हटलं, काही नाही.

बोललो ते सेठजवळ. गेम पोचवायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "भाऊ, एक महिन्यात दुसऱ्यांदा? काहून?"

मी म्हटलं, "मागचं काम माझ्या हातचं नव्हतं."

फक्त एवढंच. चोरी हा शब्द नाही, नाव नाही. पण सेठ व्यापारी माणूस, अर्ध्या वाक्यावरून पूर्ण थान ओळखणारा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि सरबत मागवलं. मी ते प्यायलो.

बाजारात बातमीला सायकल लागत नाही. आठवड्याच्या आत गिऱ्हाइकांचं वागणं बदललं. लोक दारात येऊन विचारायचे, तुम्ही स्वतः उघडणार ना? एक म्हातारी बाई नवऱ्याचा रेडिओ घेऊन आली. मी बाहेर होतो. सुखदेवने हात पुढे केला तर तिने रेडिओ पोटाशी धरला आणि मी येईपर्यंत त्या उन्हात उभी राहिली. मी आलो तेव्हा तो हात काउंटरवर तसाच होता. टीव्ही मेकॅनिकजवळ काय असतं? लोक आपली वस्तू उघडी करून त्याच्या हाती सोपवतात आणि आत काय आहे हे त्यांना कळत नसतं. त्याच्या नावावर सगळं चालतं. सुखदेवचं ते नाव माझ्या एका वाक्याने गेलं होतं, आणि त्या दिवशी मी त्याच्यादेखत तिचा रेडिओ स्वतः उघडायला घेतला.

संध्याकाळी त्याने विचारलं, "सेठले काय सांगितलं तू?"

मी म्हटलं, जे पाहिलं ते.

मी काय पाहिलं, हे त्याने विचारलं नाही. त्याचा मीटर, त्याची सोल्डरिंग आयर्न आणि वह्या त्याने पिशवीत भरल्या, मीटरच्या वायरी नीट गुंडाळल्या आणि सायकल घेऊन निघून गेला. मी दुकान आवरलं. हलकं वाटलं, हेही खरं सांगतो. बिघडलेला पार्ट काढल्यावर वाटतं तसं.

जूनच्या मध्यावर, कूलर अजून खिडक्यांवर असतानाच, रेल्वेतल्या एका साहेबांनी दुसरा गेम आणला. सेठच्या घरी होता अगदी तसाच, तशीच काळी पेटी. त्यांच्या भावाने परदेशातून नुकताच पाठवलेला. तक्रार फक्त दांड्याची होती, दांडा डावीकडे वळेना. पेटीला हात लावायचं कारण नव्हतं. स्क्रूवर कंपनीचा कागदी शिक्का अजून जसाच्या तसा होता. साहेब गेले आणि मी तो शिक्का फाडला.

आत तीच गोम होती. पाठ घासलेली. त्याच दिशेने, तितकीच गुळगुळीत. कंपनीनेच, कारखान्यातच, जगातल्या कोणाला कळू नये म्हणून. आमच्या गल्लीतले मेकॅनिक बूस्टरच्या डबीत करायचे तेच त्या मोठ्या कंपनीने केलं होतं. मी भिंगाने पाहिलं, बल्बसमोर धरून पाहिलं, जणू अजून कुठेतरी सुखदेवचं बोट सापडेल. पंप चालू होता, ताट्यांवरून पाणी ठिबकत होतं, आणि दुकानभर वाळ्याचा वास होता.

एक गोष्ट लिहायला हात जड होतो, पण ती सोडली तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. त्या चार दिवसांत दुकानात माझा मेहुणाही होता. पेटी त्याच्यासमोर उघडली होती, खणांच्या किल्ल्या त्याच्याजवळही होत्या. त्याच्यावर माझा वहीम क्षणभरही गेला नाही. आपला तो बाब्या. दुकान घातलं तेव्हा गावचे काका म्हणाले होते, भागीदारी कर, पण कोणाशी करतो ते ध्यानात ठेव आणि कुलूप आपलं लाव. मी हसलो होतो. काकांना जुनं म्हटलं होतं. आणि कुलूप मात्र मीच जाऊन आणलं होतं. सुखदेव माझ्या घरी जेवायचा, मी त्याच्या घरी. सणावाराला आमची पोरं एकत्र खेळायची. म्हणून मी स्वतःला या बाबतीत मोकळा समजत आलो. मी त्या दिवशी फक्त आयसी पाहिली, जात नाही पाहिली, असं मला अजूनही म्हणावंसं वाटतं. पण ज्याने जन्मभर बिघाड शोधले त्याने निदान स्वतःच्या बोर्डाला मीटर लावून बघावं. मी लावला तेव्हा सुई हलली.

नंतर मी बाजारात खुलासा करत फिरलो. सेठच्या घरी जाऊन दोन्ही पेट्यांची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "छोडो भाऊ, पुरानी बात." पापडवाला म्हणाला, असेल तसंही. ज्यांनी माझं अर्धं वाक्य एका झटक्यात उचललं होतं, त्यांच्यापैकी कोणी हे पूर्ण वाक्य उचललं नाही. पुढे कितीतरी वर्षं नवीन माणसाला आमच्या दुकानाची हकीकत सांगताना लोक डोळा बारीक करून म्हणायचे की पहिले दोघं होते, मग काहीतरी झालं. काहीतरी म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तेवढं पुरतं.

पण खुलासे करण्याआधी, ज्या दिवशी शिक्का फाडला त्याच दिवशी मी इंदोऱ्याला गेलो होतो. साहेबांचा बोर्ड कापडात गुंडाळून पिशवीत घेतला होता. सुखदेव घराच्या ओसरीत बसून कोणाचा तरी पंप साफ करत होता. कामं घरीच घेत होता. दुरुस्तीला आलेली दुसरी वस्तू ओसरीत दिसत नव्हती. त्याच्या बायकोने मला पाहिलं आणि ती आत गेली. तिने पाणी आणलं नाही. माझी तक्रार नाही.

मी त्याच्याजवळ बसलो आणि बोर्ड त्याच्या हातात दिला. त्याने हात लुंगीला पुसले, बोर्ड उजेडाकडे धरला, आणि खरं सांगतो, काही क्षण तो मला विसरून गेला. गोमेच्या पाठीवरून त्याने अंगठा फिरवला. मग म्हणाला, "हेच सांगणार होतो तुले त्या दिवशी. नंबर कंपनीनंच घासला हाये. मले हासू आलं होतं पाहून."

मी म्हटलं, चुकलो. सेठला सांगतो, बाजारात सगळ्यांना सांगतो. तू परत ये. हे सगळं मी सायकलवर पाठ करत आलो होतो, पण तोंडातून तुकड्या-तुकड्यांनी निघालं.

बोर्ड त्याने पुन्हा कापडात नीट गुंडाळला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"त्या कंपनीवाल्यावर मले राग नाही गा. त्याले कोणावर भरोसा नसन, म्हणून त्यानं घासला. तो कुठं मले ओळखते? तू तं अकरा वर्षं ओळखत होता."

मी पुन्हा म्हटलं की चुकलं माझं, आता खात्री पटली.

"हाव, पटली. पेटी पाहून पटली." मग तो पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाला, "अन् ही दुसरी पेटी तुया दुकानात आलीच नसती, तं?"

तो रागावलेला नव्हता. त्याला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. पंप तसाच बाजूला ठेवून तो उत्तराची वाट पाहत बसला, आणि मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, तर मी अजूनही तुलाच चोर समजत राहिलो असतो.